नऊच्या आधीची सायकल

"मेश्राम साहेब, उद्यापासून सिमेंटचे ब्लॉक टाकतो. ड्रॉइंगवर तेवढी सही द्या." कंत्राटदार टेबलासमोर उभा होता. गाडीची किल्ली बोटात फिरत होती.

मी एका खासगी सल्लागार कंपनीत ट्रॅफिक इंजिनिअर. रस्त्यावर काय किती धावतं ते मोजायचं आणि त्यावरून सिग्नल, वळणं, दुभाजक ठरवायचे, हे माझं काम. नागपुरात नंदनवनजवळच्या एका मोठ्या रस्त्यावरचा गॅप आम्ही बंद करणार होतो. गॅप म्हणजे दुभाजकातली मोकळी जागा. तिथून वळणाऱ्या गाड्यांमुळे अपघात होत. तो बंद झाला की पलीकडे जायला पुढचा यू-टर्न. गाडीला ते काहीच नाही. आणि सर्व्हेत सायकली, पायी माणसं जवळजवळ नव्हती.

तरी सही होईना. साइटच्या फोटोत गॅपच्या कडेचे दगड दिसत होते. त्यांचा काळा-पिवळा रंग नेमका पेडलच्या उंचीवर घासला गेला होता. सायकली नाहीत, मग रंग कशाने गेला?

"उद्या दुपारी या."

"जेसीबी भाड्यानं आणला हाये, साहेब."

"उभा राहू दे."

दुसऱ्या दिवशी सहाला मी गॅपपाशी पोहोचलो. सायकलींची रांग लागलेली. हँडलला पिशव्या, बहुतेक बाया. त्यांच्यामागे चालत येणारे. मी फोटो काढू लागलो, तशी एक जण सायकलवरून उतरली.

"काहून भाऊ, फोटो काढून राहिले? बंद करता का काय?"

"तसा विचार आहे."

"मंग रोज मले सायकलीसकट उचलून पलीकडे ठेवा."

मागच्या बाया हसल्या. ती सुनंदाताई, एका मेसमध्ये स्वयंपाक करणारी.

"पुढे यू-टर्न आहे ना," मी म्हणालो.

"तो किती लांब! सातले डबे निघतात, भाऊ. उशीर झाला का मालकीण दुसरी ठेवते. बायांची लाइन लागून हाये. त्यापेक्षा मागचा जवळचा यू-टर्न बरा. उलट्या बाजूनं जाईन, ट्रकच्या तोंडासमोरून. मंग अपघातात मोजा मले."

आठपर्यंत रांग विरळ झाली. नऊला ऊन तापलं आणि रस्त्यावर फक्त गाड्या उरल्या. आमचा सर्व्हे नऊलाच सुरू झाला होता. पीक अवर, म्हणजे सगळ्यात गर्दीची वेळ, आम्ही ऑफिसच्या गाड्यांवरून धरतो. नागपूरच्या मे महिन्यात सायकलवाला नऊपर्यंत रस्त्यावर कशाला थांबेल?

मी थेट डायरेक्टरांकडे गेलो. "सर, मी सही करत नाही. सकाळी सहापासून मोजणी हवी."

"रिपोर्ट मंजूर झालाय, मेश्राम."

"मंजूर झालाय. बरोबर झालेला नाही."

"दोन-चार सायकलींसाठी काम अडवायचं?"

"दोन-चारच निघाल्या, तर त्याच दिवशी सही करतो."

"आणि गॅप उघडा ठेवला, कोणी मेलं, तर?"

हा प्रश्न योग्य होता. दिवसभर बसवेना. ड्रॉइंग उघडायचो, मिटायचो, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचो. कंत्राटदाराचे फोन चालूच. संध्याकाळी अपघातांचे कागद पुन्हा वाचले. प्रत्येक अपघातात वळणारी गाडी होती. म्हणजे बंद गाडीला करायचं होतं, माणसाला नाही.

ते कागद दाखवल्यावर डायरेक्टर तयार झाले आणि सकाळी सहापासून मोजणी झाली. सातच्या आत सायकली आणि पायी माणसं मिळून गाड्यांपेक्षा जास्त निघाली. पण आमच्या धंद्यात प्रत्येक वाहनाचं मोटारीत रूपांतर करतात. सायकल मोटारीचा एक हिस्सा धरतात, चालणाऱ्याला काहीच धरत नाहीत. त्या हिशोबात ही सगळी गर्दी पुन्हा नाहीशी होत होती. म्हणून मी माणसांचा आकडा वेगळा लिहिला. नवं ड्रॉइंगही जोडलं: गॅपमध्ये खांब, सायकल जाईल एवढी फट, दोन्ही बाजूंनी गतिरोधक.

ते मंजूर झालं. वळणाऱ्या मोटारी बंद झाल्या. त्या फटीतून आता स्कूटरवालेही घुसतात. परवा सुनंदाताई एकाला दरडावत होत्या, "ओ, बाजूले व्हा! आमचे डबे थांबून हायेत!" मेसचं काम त्यांच्याकडेच आहे.

आमच्या डायरेक्टरांनी आता रेटकार्डात 'पहाटेचा सर्व्हे' असं वेगळं कलम घातलं आहे. फी दीडपट. अजून एकाही ग्राहकाने ते मागितलेलं नाही. म्हणून कोणी "या रस्त्यावर सायकली नाहीत" म्हणालं, की मी आधी विचारतो, किती वाजता नाहीत?