आबांच्या पेटीवरचं कुंकू

साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मी हत्यारांच्या स्टोअरवर होतो. कुठला पाना शेवटचा कधी वापरला गेला, हे ठाऊक असणं माझं काम. त्यासाठी कार्डं होती, पण ती साहेबांच्या समाधानापुरती. हंगामाच्या धांदलीत कार्ड भरतो कोण? आमची खरी खूण कुंकवाची. खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून पुजली जायची आणि प्रत्येकावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट ओढलं जायचं. हातात येणाऱ्या हत्याराचं कुंकू आठ-पंधरा दिवसांत पुसून जाई. पुढच्या नवमीला धुवायला काढल्यावर ज्याच्यावर जुनं कुंकू शाबूत, ते वर्षभर कुणी वापरलेलं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळे.

माझे वडील तिथेच फिटर. आबांच्या नाकावर कायम राग. हत्यारं कारखान्याची असली तरी आपल्या पेटीतली छिन्नी कुणी उचललेली त्यांना खपत नसे. "ही पेटी माझी हाय, हात लावायचा न्हाई," हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे.

दुष्काळाची वर्षं होती ती. त्यातल्या एका खंडेनवमीला त्यांनी पेटी पुजली आणि दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, त्यांची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, आता कामाचं नाव नको. आबांना ते सांगायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळी मी चाळीतल्या आमच्या खोलीत पाऊल टाकलं, की जड जिभेने ते पहिलं विचारत, "पेटीला कुनी हात लावला का रं?" पेटी जागेवर आहे तोवर आपली जागाही आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

शेतात ऊस नव्हता, कारखान्यात काटकसर सुरू झाली. नवे साहेब आले आणि वर्षभर न वापरलेलं हत्यार येत्या नवमीपासून दरवर्षी भंगारात काढायचं, असा हुकूम निघाला. कुंकवाची खूण त्यांच्या कानावर गेलीच. तुमची ही पद्धत कार्डांपेक्षा बरी, म्हणाले. मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आबांच्या पेटीतल्या हत्यारांवरचं कुंकू लावलं तसंच होतं. मी लेथवरच्या टर्नरचाचांपाशी गेलो. ते आबांचे जुने दोस्त, म्हणजे रोज भांडणारे. माझं ऐकून त्यांनी पेटीतला मोठा पाना उचलला, एक नट उगाच ढिला केला, पुन्हा आवळला. कुंकू त्यांच्या तळव्याला आलं.

"लागला हात. पन तुज्या बापाला सांगू नको, न्हाईतर उठून मारंल मला."

मग सगळ्यांनाच चाळा लागला. जेवणाची सुट्टी संपली, की जो तो पेटीशी येई आणि गरज नसताना कानस नाहीतर हातोडा घेऊन जाई. आणि संध्याकाळी मी आबांना सांगे, "न्हाई आबा. कुनाची टाप हाय?" त्यांना बरं वाटे.

पुढच्या नवमीला पेटी भंगारातून वाचली. चाचांनी साहेबांना गळ घालून ती एका दिवसापुरती आमच्या खोलीवर आणली. आबांना भिंतीला टेकवून बसवलं. डाव्या हाताने त्यांनी एकेका हत्यारावर कुंकू ओढलं. रेघा वाकड्यातिकड्या आल्या. मोठा पाना त्यांनी मांडीवर घेतला आणि त्याच्या जबड्यावरून अंगठा फिरवला.

"वापरतंय कुनीतरी," ते म्हणाले.

चाचांनी मान खाली घातली. आता भडका उडणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. आबांनी पाना पेटीत परत ठेवला.

"वापरा," ते म्हणाले. "पडून राहिली तर गंजत्याल."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळपासून त्यांनी पेटीचं नाव काढलं नाही. मी कामावरून येई, ते छताकडे बघत पडलेले असत. दिवाळीच्या आधीच ते गेले.

वर्ष सरलं. नवमीला मी हत्यारं धुवायला काढली. छिन्नीवर, कानशीवर, मोठ्या पान्यावर, सगळीकडे आबांच्या वाकड्या रेघा जशाच्या तशा होत्या. त्यांच्या हातचं शेवटचं कुंकू पुसायला कुणीच धजावलं नव्हतं. चाचासुद्धा.

साहेब पेटीपाशी थांबले. "हिला वर्षभर कुणी हात लावलेला नाही?"

चाचा लेथकडे तोंड करून उभे होते.

"नाही, साहेब," मी म्हणालो, आणि पेटी उचलून भंगाराच्या ढिगावर ठेवून आलो.