उजव्या बाजूचं घर

लग्नानंतरची आठ-नऊ वर्षं मी नाशिकच्या आसपासचा सगळा मुलूख फक्त डाव्या बाजूने पाहिला. यात बढाई नाही की तक्रार नाही. साडी नेसलेली बाई सायकलच्या कॅरिअरवर बसते तेव्हा पाय डावीकडे सोडून आडवी बसते. उजव्या हाताने सीटखालची स्प्रिंग धरायची आणि समोर येईल ते बघत राहायचं. समोर येते ती डावी बाजू. उजवी बाजू पाठीमागे असते आणि वळून बघायला गेलं की सायकल हेलकावे खाते. मग पुढून आवाज येतो, "अगं, हलू नकोस."

हा आवाज माझ्या नवऱ्याचा. एका कचेरीत कारकून होते. आठवडाभर मान खाली घालून फायली लिहायचे आणि रविवारी सकाळी सायकल पुसून, हवा भरून दारात उभे राहायचे. पंचवटीतल्या दोन खोल्यांत आम्ही सात माणसं. रविवारी घराबाहेर पडायचं तर देवदर्शन, बाजार नाहीतर कुणाकडे बारसं, एवढीच कारणं घरात चालायची. नुसतं रान बघायला जातो म्हटलं की सासूबाई विचारायच्या, "रानात काय ठेवलंय?" पण मुलाला त्या अडवत नसत, आणि मुलगा मला घेतल्याशिवाय जात नसे.

रस्ता ठरलेला. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडून गंगापूर रोडला लागायचं, पेरूच्या बागा आणि द्राक्षांचे मांडव मागे टाकत गिरणाऱ्याला पोचायचं. तिथे चहा आणि शेव. येताना दुगाव, मखमलाबाद करत पुन्हा पंचवटी. जाताना माझ्या वाट्याला धरणाचं पाणी यायचं, येताना डोंगर. रामशेजचा डोंगर मी इतक्यांदा पाहिलाय की चित्रकला येत नसतानाही काढून दाखवीन. चढ आला की मी उतरून चालायचे, हे सायकल ढकलायचे, तेवढ्यात दोन्ही बाजू दिसायच्या. उतारावर मात्र बसूनच. दुगावच्या अलीकडे एक लांब उतार होता आणि लगेच उभा चढ. त्या उतारावर हे कधी ब्रेक दाबायचे नाहीत. वेग सोडला तर पुढचा चढ अंगावर येतो, असं म्हणायचे.

घर होतं ते त्या उताराला, उजव्या हाताला. चढाला मी उतरायचे तोवर ते वळणाआड गेलेलं असायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लग्नाला महिनाही झाला नव्हता. माझं माहेर वणीजवळच्या खेड्यातलं. दार उघडलं की शेत. इथे स्वयंपाकघराला एकच खिडकी आणि ती उघडली की शेजारच्यांची भिंत. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते. गिरणाऱ्यात चहासुद्धा मुकाट्याने प्याले. उताराला लागल्यावर हे म्हणाले, "उजवीकडे एक घर आहे बघ. पांढरं. निळ्या खिडक्यांचं."

मी बघणार कशी? म्हणून विचारलं, "किती खिडक्या?"

"चार. नाही, पाच."

दोन दिवसांतलं माझं ते पहिलं वाक्य, आणि तेही खिडक्यांबद्दल. नंतर मखमलाबादपर्यंत मी बोलतच होते.

तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. उतार आला की मी विचारायचे, "काय म्हणतंय घर?" आणि हे सांगायचे. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे वाळत नव्हते, ओल्या परकरांचा वास दोन्ही खोल्यांत भरलेला. त्या सुमारास यांना दिसलं की त्या घराला पडवी आहे आणि पडवीत लांबच्या लांब दोरी. नळावर माझं भांडण झालं त्या आठवड्यात अंगणात विहीर दिसली. पुढे घरात एक म्हातारीही दिसू लागली. एकटीच असायची. कधी लसूण सोलत, कधी झोपाळ्यावर.

आमच्या घरातला ओटा सासूबाईंच्या मापाचा. त्या चांगल्या उंच, मी पावणेपाच फूट. पाटावर उभी राहून पोळ्या लाटायचे. एकदा पाट निसटला आणि कंबर अशी धरली की दोन रविवार घरीच गेले. तिसऱ्या रविवारी उतारावर हे म्हणाले, "म्हातारी आज पोळ्या लाटतेय. ओटा बुटका आहे तिचा, खिडकीतून दिसतो."

आता मला सांगा, धावत्या सायकलवरून कुणाला परक्या घरातला ओटा दिसतो? पण मी इतकी शहाणी की वर विचारलं, "साधारण किती असेल?" हे म्हणाले, "तुला बरोबर होईल एवढा."

मी ते घर मनात धरून ठेवलं. दुपारी सगळे आडवे झाले की त्या घरात जाऊन यायचे. सांगायला लाज वाटते, पण भांडी कुठे लावायची तेही ठरवलं होतं.

ऐंशी साल उलटल्यावर दोन गोष्टी घडल्या. मला बालवाडीत नोकरी लागली, आणि कचेरीतल्या लोकांच्या सोसायटीत आम्हाला इंदिरानगरला घर बांधण्याएवढी जागा मिळाली. तेव्हा तिकडे नुसती मोकळी रानं होती. सासूबाई बघून म्हणाल्या, "इथे कोण राहणार, कोल्हे?"

नोकरीसाठी मी सायकल शिकले. बालवाडीतल्या एका बाईंची लेडीज सायकल, तपोवनातलं मैदान आणि सकाळची वेळ. दोन्ही कोपरं सोलली, एक साडी चेनमध्ये जाऊन कामातून गेली, पण महिन्याभरात चालवायला लागले. मग माझी स्वतःची, जुनी पण ठणठणीत सायकल आली. हे कौतुकाने बघायचे. फक्त गिरणाऱ्याला आपापल्या सायकलीने जाऊ म्हटलं की काहीतरी निघायचं. वारा आहे. तुझा दम पुरणार नाही. आपण त्र्यंबक रस्त्याला जाऊ या, तोही चांगला आहे. मला वाटलं काळजी करतात.

इकडे बांधकाम वर आलं. गवंडी जवळच्याच खेड्यातला, कामाला चोख आणि बोलायला सरळ. एका शुक्रवारी म्हणाला, "ताई, खिडक्या धरायच्या हायेत, ओटा धरायचाय. माप सांगा."

मी म्हटलं, "सोमवारपर्यंत थांबा. गिरणाऱ्याच्या रस्त्याला एक घर आहे. अगदी तसंच हवंय मला. रविवारी जाऊन माप आणते."

"सोमवारी सकाळी द्या पण. मग माझी मानसं दुसरीकडं जात्यात."

हे शेजारीच उभे होते. रात्री जेवताना म्हणाले, "लोक आत घेतील का मापं काढायला?"

"म्हातारी आहे ना. विचारू तिला."

"ती गावाला गेली असेल."

"मग खिडक्या तर बाहेरून मोजता येतील."

रविवारी सकाळी यांच्या चाकात हवा नव्हती. ती भरली, तर आता पंप सापडत नाही म्हणून तो शोधत बसले, हवा भरून झालेली असताना. मी पिशवीत शिवणकामाची टेप टाकली, साडी खोचली आणि निघाले. मागून आले बिचारे.

काय सांगू त्या दिवसाचं. हँडल माझ्या हातात, आणि रस्त्याला दोन्ही बाजू. गंगापूर रोडला उजवीकडेही बागा होत्या, एक देऊळ होतं, एक मोठी चिंच होती. इतकी वर्षं हे सगळं माझ्या पाठीमागे होतं. मी घंटी वाजवत होते, विनाकारण. गिरणाऱ्यात दोन कप चहा प्याले. यांनी शेवेला हात लावला नाही.

उतार आला. मी पुढे होते. वेग धरला तशी मान उजवीकडे वळवली. माळ होता. मुरमाड, उघडा, दोन बाभळी आणि चरणाऱ्या शेळ्या. वाटलं, पुढे असेल. पुढेही माळच. उतार संपत आला तसा मी ब्रेक दाबला.

शेळ्यांमागे एक बाई होती. तिला विचारलं, "बाई, इथलं पांढरं घर कुठे गेलं? निळ्या खिडक्यांचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "हितं घर? हितं घर नव्हतंच कधी. मी लगीन होऊन आले तवापासून माळच हाय."

मागे यांची सायकल येऊन थांबल्याचं ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही. मला भयंकर राग आला होता. नऊ वर्षं या माणसाने मला बनवलं आणि मी गवंड्याला थांबवून, टेप घेऊन आले होते. पायडल मारलं आणि तो चढ चढायला लागले. ज्या चढाला हे वेग घेऊन आलेले असतानाही मला उतरवायचे, तो मी थांबल्या जागेवरून चढले. पाय थरथरत होते, छाती फुटायची बाकी होती, पण उतरले नाही. वर कडुलिंब होता. त्याला सायकल टेकवली आणि उभी राहिले.

हे ढकलत ढकलत वर आले. घामाने सदरा चिकटलेला. माझ्यापासून चार हातांवर थांबले.

"सांगायचं होतं," म्हणाले, "पण कसं सांगावं कळेना."

"खोटं बोलायला कळलं ते."

"पहिल्या वेळी तू बोलतच नव्हतीस. रडत होतीस. माझ्या पाठीला कळत होतं. काहीतरी सांगावं म्हणून घर म्हटलं. तू विचारलंस, किती खिडक्या. मग खिडक्या आल्या."

"आणि विहीर?"

"तुझं नळावर भांडण झालं होतं ना तेव्हा."

पडवीतली दोरी मी विचारली नाही, कपडे कधी वाळत नव्हते ते मला आठवलं. ओटाही विचारला नाही. नऊ वर्षांत त्या दोन खोल्यांत मी जी जी कुरकुर केली होती, बहुतेक वेळा यांच्याकडे पाठ करून, कुणाला ऐकू जातेय असं न समजून, ती एकूण एक या माळावर बांधलेली होती. मला रडू आलं. राग होताच, तोही गेला नव्हता. दोन्ही एकदम आलं.

तोंड पुसलं आणि पिशवीतून टेप काढली.

"ओटा किती उंच होता म्हणालात?"

यांना आधी कळेना. मग सायकल उभी केली, माझ्याजवळ आले, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि माझ्या कमरेशी हात आडवा धरला, तळवा खाली करून. मी टेपचं टोक चपलेखाली दाबलं आणि तिथपर्यंत ताणलं. खिडकीसाठी तोच हात त्यांनी माझ्या गुडघ्याच्या जरा वर धरला. म्हणाले, बसून लसूण सोलताना बाहेरचं दिसायला हवं. तेही मोजलं. खिडक्या पाच, हे पाठच होतं.

सोमवारी गवंड्याला कागद दिला. त्याने ओट्याचा आकडा दोनदा वाचला.

"दोन फूट पाच इंच? ताई, लय बुटका होतोय. ते घर नीट बघून आलात नव्हं?"

हे विटांच्या ढिगाशी उभे राहून दुसरीकडेच बघत होते.

"आले बघून," मी म्हटलं. "तिथे एवढाच आहे."