आईची रिकामी ओटी

मंडळी, आज दुपारी आपल्या या घरच्या ग्रुपवर मी लेकीनं काढलेलं चित्र टाकलं. बाळाला पाजणारी एक बाई. दहा मिनिटांत भाऊजींचा मेसेज, "हे शोभतं का?" माझं डोकंच फिरलं. उत्तर इथेच देते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे बाबा आमच्या गावी, सौंसरला, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एकदा उरलेल्या रंगात त्यांनी आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर आई काढली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून माझ्या भावाला पाजणारी, कमरेला वेचलेला कापूस टाकायची कापडी ओटी बांधलेली.

संध्याकाळी मोहल्ला जमला. शेजारचे काका म्हणाले, "पेंटरबाबू, पोरीबाळी जातेत इथून. चुना मारून टाका." बाबा कलेवर बोलू लागले. आईला विचारावं, असं कोणालाच सुचलं नाही.

तेवढ्यात आई वावरातून आली. चित्र बघून खरंच चिडली, पण बाबांवर.

"लेकराले पाजून राहिली मी, त्याची कायची लाज? पन ओटी रिकामी कावून काढली? लोक म्हनतीन, बाईनं दिवसभर कापूसच नाही वेचला!"

बाबांनी तिथल्या तिथे पांढऱ्या रंगानं ओटी भरली.

पुढे कित्येक वर्षं वावरातून परतणाऱ्या बाया त्या भिंतीपाशी थांबायच्या, हसून म्हणायच्या, "आमची याच्याहून भरून राहते वो!"

भाऊजी, लेकीच्या चित्रातल्या बाईच्या बोटांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे आहेत. ते दिसले का तुम्हाला?