आतली शिवण

माझी मुलगी बालवाडीत होती तोवर गणवेशाचा प्रश्न नव्हता. धुऊन धुऊन विरलेले दोन सुती फ्रॉक आणि एक पिवळा टी-शर्ट, एवढ्यावर तिची दोन वर्षं गेली. नवे कपडे ती कपाटात तसेच ठेवायची. मला वाटायचं, लेकराला जुन्याची माया आहे. यापलीकडे मी कधी विचार केला नाही.

पहिलीचा गणवेश शाळेनं सांगितलेल्या दुकानातूनच घ्यायचा होता. चौकड्यांचा शर्ट, त्यावर गडद निळा बिनबाह्यांचा फ्रॉक, गुडघ्यापर्यंत मोजे. दुकानदारानं फ्रॉक तिच्या पाठीला लावून पाहिला आणि "वाढतं अंग आहे ताई" म्हणून एक नंबर मोठा दिला. मी बटणं पक्की आहेत का ते पाहिलं, खाली उसवायला दुमड किती ठेवली आहे ते पाहिलं. आत हात घालून पाहायचं मला सुचलं नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी शर्ट घालून ती जेमतेम दोन मिनिटं उभी राहिली आणि मग एकेक बटण काढायला लागली.

"यात मुंग्या आहेत," ती म्हणाली.

मी शर्ट उलटा करून झटकला, उजेडात धरून दाखवला. "बघ, एकही नाही."

"आहेत. तुला चावत नाहीत म्हणून तुला दिसत नाहीत."

खाली रिक्षावाल्या काकांनी हॉर्न वाजवला. मी तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि दुसऱ्या हातानं बटणं लावली. ती ओरडली नाही. श्वास धरून उभी राहिली, पाण्यात बुडी मारताना धरतात तसा. रिक्षा गेल्यावर मी जिन्यात बसले आणि ऑफिसला उशीर झाला.

त्यानंतरचे दोन महिने रोज असेच गेले. मी शर्ट मिठाच्या पाण्यात भिजवला, आठ-दहा वेळा धुतला, कॉलरमागचं लेबल कापलं. कापल्यावर लेबलाचं जे टोक उरलं ते आणखी बोचायला लागलं. अंगाला खोबरेल तेल लावलं, तर शर्टवर डाग पडले आणि डायरीत अस्वच्छतेचा शेरा आला. मी समजावलं, लालूच दाखवली, एकदा पाठीत धपाटाही घातला. त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला विचारलं, "मी मुद्दाम करते असं तुला वाटतं का?" मी नाही म्हणाले. पण मला तसंच वाटत होतं.

माझा नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मूळचा सिल्लोडकडचा, शेतकरी घरातला. तो म्हणायचा, "आम्ही तिघं भाऊ एकमेकांच्या चड्ड्या घालून शाळेत गेलो. टोचतं का म्हणून कुणी विचारलं नाय कधी." एकदा त्याची रात्रपाळी नव्हती, तेव्हा मी म्हटलं, आज तूच तयार कर. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून डोकावले, तर ती पलंगावर उघडी बसली होती आणि तो शेजारी तिचा शर्ट मांडीवर घेऊन. त्याची दोन बोटं काखेच्या शिवणीवर फिरत होती.

"ही खोटं नाय बोलत," तो मला म्हणाला. "पण करायचं काय?"

आम्ही तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाठ तपासली, खांदे तपासले. कातडी चांगली आहे, म्हणाले. काही मुलांना कापड, शिवण, मोज्याची टाच हे सगळं इतरांपेक्षा फार जास्त जाणवतं, मोठेपणी बहुधा कमी होतं, तोवर मऊ सुती घाला. तसं त्यांनी लिहूनही दिलं. तो कागद घेऊन मी घरी आले तेव्हा मला वाटलं, सुटलो.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर बाई शिवणकाम करतात. माझे ब्लाउज वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच असतात. गल्लीत सगळे त्यांना खाला म्हणतात, मीही म्हणते. मी मुलीला गणवेशासकट त्यांच्याकडे नेलं. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं आणि तिला मशीनजवळ बोलावलं.

"तेरेकू कहाँ चुभता, बेटा? उंगली रख के दिखा."

मुलीनं बोट ठेवलं. काख, खांद्याचा जोड, कमरेची चुणी, कॉलरचा मागचा भाग. खालांनी प्रत्येक ठिकाणी खडूनं फुली मारली. आजवर कुणीच तिला असं विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी फक्त 'काय होतंय तुला' असं विचारत आले होते.

खाला मला म्हणाल्या, "ये ओव्हरलॉक का, किनार बांधनेवाला धागा नायलॉन का है. काटा है पूरा. मैं सुती में नवा शिवती, शिवण बाहर की बाजू दबाके. दिखेगी नाय."

निळं आणि चौकड्यांचं सुती कापड आम्ही तिथल्याच दुकानातून निवडलं. रंग जुळवायला मी जुना फ्रॉक बाहेर उन्हात नेऊन धरला. आठवड्यानं गणवेश मिळाला. त्या सकाळी मुलीनं तो स्वतः घातला, आरशासमोर हात वर-खाली करून पाहिले आणि हॉर्न वाजायच्या आधी खाली जाऊन उभी राहिली. मी गॅलरीतून बघत होते. नवऱ्याला कामावर फोन करून सांगितलं.

हे चार दिवस टिकलं. सोमवारी ती घरी आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "माझा निळा वेगळा आहे. बाईंनी मला रांगेच्या बाहेर उभं केलं. पाहुणे आले होते."

"किती वेळ?"

"प्रार्थना संपेपर्यंत."

पुढच्या सोमवारी मी रजा टाकून मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. वाईट बाई नव्हत्या. माझ्यासाठी चहा मागवला.

"तुमचं म्हणणं मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण कापड आणि दुकान संस्था ठरवते. एकीला सूट दिली की दुसऱ्या दिवशी दहा पालक दारात. मी वर अर्ज पाठवते, तुम्ही द्या लिहून."

"तोवर तिनं काय घालायचं?"

त्यांनी आपल्या पदराची कडा चिमटीत धरून मला दाखवली. सोमवारी सगळ्या शिक्षिकांना एकसारखी साडी नेसावी लागायची, चकचकीत, कागदासारखी कडक. "मला ही सोसते असं वाटतं तुम्हाला? दुपारनंतर मानेला आग होते. पण नेसते." एवढं बोलून त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी अर्ज लिहिला. त्याचं उत्तर कधी आलं नाही.

मग खालांनी दुकानातल्याच गणवेशाला आतून मलमलचं अस्तर लावून दिलं. बाहेरून नियमाचा निळा, आतून मऊ. हिवाळ्यात ते निभावलं. थंडी होती, दोन थर बरे वाटत होते. मार्चमध्ये ऊन चढलं तशी ती घामानं भिजून यायची, केस कपाळाला चिकटलेले, मानेवर घामोळं. अस्तर काढावं तर शिवण, ठेवावं तर उकाडा.

मधल्या काळात, जानेवारीत, वेरूळची सहल होती. सहलीला रंगीत कपडे चालतील, अशी सूचना आली. मुलगी दोन दिवस त्याच आनंदात होती. काय घालायचं ते मीच ठरवणार, असं तिनं बजावून ठेवलं. सकाळी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या अंगात विरलेला हिरवा पायजमा होता आणि वर तो पिवळा टी-शर्ट, आता काखेत घट्ट होणारा, उलटा. सगळ्या शिवणी बाहेर, पाठीवर लेबल. पुढच्या बाजूला, आतून अर्धवट दिसणाऱ्या चित्रावर, तिनं स्केचपेननं एक हत्ती काढला होता.

"लेण्यात हत्ती आहे ना, म्हणून," ती म्हणाली. "आणि असा घातला की अजिबात लागत नाही."

 तिला गाडीवर बसवून शाळेपाशी आणलं. तिथं बस उभी होती. बाकीच्या मुली नव्या जीन्स, चमकीचे टॉप, केसांना रंगीत क्लिपा लावून आल्या होत्या. त्यांच्या आया फोटो काढत होत्या. एकीनं माझ्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाली, "घाईत घातला वाटतं उलटा."

मी "हो ना" म्हणाले. मुलीला बसच्या मागं नेलं, टी-शर्ट काढला, सुलटा केला आणि घातला. हत्ती आत गेला. ती माझ्याकडे बघत होती. मी हात वर करायला सांगितल्यावर तिनं वर केले, खाली करायला सांगितल्यावर खाली केले.

दुपारी बाईंनी पालकांच्या ग्रुपवर फोटो पाठवले. कैलास लेण्यासमोर सगळा वर्ग दोन्ही हात उंचावून उभा होता. माझी मुलगी दुसऱ्या ओळीत होती. तिचे हात अंगाला घट्ट चिकटलेले होते. तो फोटो मी ऑफिसात बसून किती वेळा मोठा करून पाहिला ते सांगता येत नाही. तिच्या काखेतली शिवण हलू नये म्हणून तिनं हात तसे धरलेत, हे त्या चाळीस पालकांत मला एकटीलाच कळत होतं. आणि मी इकडे काहीच करू शकत नव्हते.

संध्याकाळी तिला घ्यायला गेले तेव्हा मी माफी मागितली. "बरं," ती म्हणाली. तो टी-शर्ट तिनं पुन्हा घातला नाही. मी एकदा स्वतःच उलटा करून तिच्या पलंगावर ठेवला, तो तिनं घडी करून कपाटात ठेवून दिला.

आता ती तिसरीत आहे. या जूनमध्ये नवा गणवेश घेतला आणि अस्तरासाठी तिला खालांकडे घेऊन गेले. त्यांनी नेहमीसारखा खडू हातात घेतला.

"बोल बेटा, कहाँ चुभता?"

"कुठंच नाही," मुलगी म्हणाली.

खालांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पहले कित्ता बताती थी," एवढंच त्या म्हणाल्या आणि जुन्या खुणा आठवून स्वतःच फुल्या मारल्या.

परत येताना पैठण गेटापर्यंत आम्ही चालत आलो. गर्दी होती, मी तिचा हात धरला होता.

"खरंच लागत नाही का गं आता?" मी विचारलं.

"लागतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की तू डॉक्टरांकडे जातेस, शाळेत जातेस, मग घरी येऊन रडतेस," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मला कुठला पत्ता समजावून सांगावा तसं ती बोलत होती. "आणि शर्ट तोच असतो."

 शाळा बदलायचं आम्ही बोललो आहोत. दोन शाळांत जाऊन आलो, तिथंही तेच कापड, फक्त रंग निळ्याऐवजी मरून. सुती गणवेशाची एक शाळा आहे, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथवर रिक्षा जात नाही आणि नवऱ्याची शिफ्ट बदलत राहते. या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्यात. त्यांच्याकडे मी पुन्हा अर्ज दिला आहे.

सकाळी ती आता स्वतःच तयार होते. मी डबा भरते आणि कान तिच्या खोलीकडे ठेवते. काहीही ऐकू येत नाही. थोड्या वेळानं ती बाहेर येते, वरच्या बटणापर्यंत शर्ट लावलेला, आणि डब्यात काय आहे ते विचारते.