क्रेन म्हणजे कोण

माझे सासरे जन्मभर बंदरात क्रेन चालवत आले. एरवी बोलणं तोलूनमापून, पण त्या लोखंडी धुडाचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. "आमची बाई आज रुसली होती," असं ते क्रेनबद्दल म्हणायचे, आणि सासूबाई त्यांच्यापुढे ताट जरा आपटूनच ठेवायच्या.

निवृत्त झाल्यावर ते नातीच्या अभ्यासाला बसू लागले. नात म्हणजे माझी लेक. तिला घरात सगळे चिमणीच म्हणतात. एकदा तिनं इंग्रजीच्या पुस्तकातून त्यांना सांगितलं, की क्रेन हा मुळात पक्षी, म्हणजे सारस. त्याच्या लांब मानेवरून यंत्राला ते नाव पडलं, आणि काही बघायला मान ताणली तर इंग्रजीत त्यालाही क्रेनच म्हणतात. सासरे चाटच पडले. इतकी वर्षं आपण एका पाखराच्या मानेखाली बसून काढली आणि कुणी सांगितलं नाही, हे त्यांना पटेचना. मग म्हणाले, मराठीही काही कमी नाही, गिरणीचा धूरसुद्धा चिमणीतूनच निघतो. त्या दिवसापासून पाणथळीत सारस दिसला की ते मुद्दाम "क्रेन" म्हणायचे. मला ते पोरकट वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. काही दिवसांनी एकच शब्द परत आला, क्रेन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जुन्या सवयीचा शब्द आहे, त्यामागे अर्थ असेलच असं नाही.

"शेवटी तिचंच नाव," सासूबाई तोंड फिरवून म्हणाल्या.

आम्हाला एवढंच कळायला हवं होतं, की आत ते आहेत की नाहीत.

एका सकाळी मी चिमणीला इस्पितळात घेऊन गेले. सासरे उशीवरून मान ताणून "क्रेन, क्रेन" म्हणत होते. मी हो हो करत चादर सारखी करत राहिले. चिमणी मात्र खिडकीशी गेली.

"आई, आजोबा बरोबर सांगतायत," ती म्हणाली.

इस्पितळामागच्या पाणथळीत एक सारस उभा होता, एक पाय पोटाशी घेऊन. त्या एवढ्याशा शब्दात त्यांचं यंत्र होतं, तो पक्षी होता आणि उशीवरून ताणलेली ती मानही होती. इतकं सगळं त्यात मावतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

मी डॉक्टरीणबाईंना जवळजवळ ओढतच आणलं. त्यांनी सारस पाहिला, मग कॉटशी वाकून, आणखी काय दिसतंय, असं विचारलं. सासऱ्यांनी ओठ जुळवले. पुष्कळ वेळ गेला.

"चिमणी."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बाहेर पाहिलं. लांबवर गिरणीचं धुराडं होतं. हेही बरोबर, असं म्हणून त्या हसल्या. पण सासरे खिडकीकडे बघतच नव्हते. माझी लेक तोवर त्यांच्या कॉटवर चढून बसली होती.