चढावरचं बोलणं

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी धारला आले. रविवारी यांचा पाय घरात ठरत नसे. हे सायकलवर, मी मागे कॅरिअरवर, आणि मांडूकडचा खडीचा रस्ता. खड्ड्याखड्ड्याला माझं कंबरडं मोडायचं आणि मी यांच्यावर करवादायची.

घाट लागला की दोघांनाही उतरावं लागे. हे हँडल धरून चालत, मी मागून ढकलत असे. खाली दरीत नदी, दोन्ही बाजूंना साग आणि पळस. एरवी दिवसभरात चार शब्द न बोलणारा हा माणूस चढावर बोलत सुटायचा. आईविना गेलेलं लहानपण, ऑफिसात गिळलेले अपमान, आपल्याला मुलगीच हवी, सगळं. एखादा गुराखी हसून ओरडायचा, ‘भिया, भाभी को तो बैठा लो!’ मला मात्र तो चढ संपूच नये असं वाटायचं.

पुढे स्कूटर आली, माझ्याच हट्टानं. तिनं आम्हाला एका दमात घाट चढवला. वर पोचेपर्यंत मला यांची नुसती पाठ दिसली.

आता हे नाहीत. मुलीच्या गाडीतून जाताना चढ लागला की माझे पाय अजूनही खाली उतरायला बघतात.