तो ‘येस’ म्हणाला होता...

गेल्या मंगळवारी पिंपळनेरच्या एका कॉलेजात बोलायला गेले होते. विषय होता परराष्ट्र सेवेतलं करिअर. मी काही राजदूत वगैरे नाही... परीक्षा देऊन दूतावासात चिकटलेली, अमळनेरची एक साधी कर्मचारी. पण रजेवर घरी आलेय हे कळलं आणि तिथल्या प्राचार्य मॅडमांनी बोलावलं.

भाषण झालं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, तुम्हाला किती भाषा येतात? मी रुबाबात म्हटलं, चार. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरती अरबी.

उत्तर दिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. मग जे सांगायचं ठरवलं नव्हतं, ते सांगितलं...

तेव्हा मी आखातातल्या एका देशात होते, कामगारांच्या तक्रारींच्या टेबलावर. एका दुपारी पोलीस ठाण्यातून फोन आला. गोदामातून तांब्याची तार चोरीला गेलीय, तुमचा एक माणूस पकडलाय, त्याने गुन्हा कबूल केलाय. कोणीतरी येऊन भेटीच्या कागदावर सही करून जा.

कबुली दिली असेल तर आमचे हात बांधलेले असतात. आधी तुरुंग, मग परत पाठवणी, आणि पुन्हा त्या देशात पाऊल ठेवता येत नाही. हा माणूस येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. रामदास नाव, गोदामात हमाली करणारा.

जबाब अरबीत होता. मी तो घडाघडा वाचला आणि अंमलदाराने माझ्या अरबीचं कौतुकही केलं. गोदामाच्या मुकादमाने लिहून दिलं होतं की, फुटलेल्या कुलपापाशी उभं राहून मी याला इंग्रजीत विचारलं, हे तू केलंस का? तर हा तीन वेळा ‘येस’ म्हणाला.

मी रामदासला हिंदीत विचारलं, चोरी केली का? त्याने मान हलवली, नाही. मग कबूल का केलंस? तर म्हणे, मी काहीच कबूल केलं नाही. खरं सांगते, मला रागच आला. आधी कबूल करायचं आणि मग कानावर हात ठेवायचे, असे मी बरेच पाहिले होते. मी पेन उघडलं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून शिपायाने बोटांचे ठसे घ्यायला त्याला हाताने बोलावलं. रामदास घाईघाईने उठला, पायात चप्पल अडकवत म्हणाला, “येस, येस...”

माझा हात तिथेच थांबला.

आमच्या अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येतो’. मी जन्मापासून हा शब्द ऐकत आलेय. पण नोकरीत कोणी गाव विचारलं की मी नुसतं ‘महाराष्ट्र’ सांगायचे. आईचा फोन आला की बोलायला बाहेर व्हरांड्यात जायचे... ऑफिसातल्यांना ती भाषा ऐकू जाऊ नये म्हणून.

“भाऊ, तुमनं गाव कोनतं शे?” मी विचारलं.

त्याचे डोळे भरून आले. “माय वं... ताई, तुम्ही आपल्या शेतस!” त्याने पिंपळनेरजवळचं आपलं खेडं सांगितलं आणि मग घडलेलं सगळं. “डोकावर गोनी व्हती ना ताई. तो मुकादम हात करे, मी म्हनं, येस, येस, येस...”

मी अंमलदाराला समजावलं. त्याला वाटलं, ही बाई आपल्या माणसाला वाचवायला गोष्ट रचतेय. मी तरी काय पुरावा देणार? शेवटी अमळनेरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“माय, नानाले बलाव बरं.” नाना म्हणजे माझे वडील. आईने काय, कशाला, काहीच विचारलं नाही. तिथूनच ओरडली, “आवो, ऐकतस का? पोर बलाई र्‍हायनी!”

आणि मागच्या अंगणातून नानांचा खणखणीत आवाज आला, “येस, येस! दम धर!”

अंमलदार आधी फोनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग हसला, आणि मी त्याला अरबीत सांगितलं की माझ्या वडिलांनीही आत्ताच चोरी कबूल केलीय.

अर्थात फोनवरून कोणी सुटत नाही. पण त्याने नवा जबाब घ्यायला लावला, दुभाषी म्हणून मी बसले. गोदामाचा कॅमेरा तपासला, त्यात कुलूप फोडणारा माणूस भलताच निघाला. चार दिवसांनी रामदास कामावर परत गेला.

मला मात्र अजून वाटतं... शिपायाने त्याला पाच मिनिटं उशिरा बोलावलं असतं, तर मी सही करून निघून आले असते. माझ्या चांगल्या अरबीसकट.

पिंपळनेरच्या वर्गात हे सगळं सांगून झालं. मग तीच मुलगी उठली आणि म्हणाली, “मॅडम, मंग चार कशा? पाच व्हयन्यात ना!” म्हटल्याबरोबर तिने जीभ चावली. तिच्या सरांनीही डोळे वटारले, पाहुण्यांसमोर नीट बोलावं म्हणून.

मी सरांना म्हटलं, ती नीटच बोलतेय.

रजा संपली की एक काम आहे. ऑफिसच्या फाईलमध्ये ‘अवगत भाषा’ असा रकाना असतो, त्यात माझ्या नावापुढे इतकी वर्षं चारच आहेत. पाचवी लिहायची राहिलीय.